वेंगुर्ल्याच्या हवेला डिफ्यूझर कुठला?

आमच्या घरातल्या पडवीलगतच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मागे माड-पोफळी, चालत गेलं तर थोड्याच अंतरावर समुद्र. फोटोत हे सगळं झकास दिसतं. पण पावसाळाभर मिटून ठेवलेली खोली चतुर्थीच्या सुमाराला उघडली की जो कुबट वास येतो, तो काही फोटोत येत नाही. आमची नाकं त्याला सरावलेली. मुंबईहून आलेल्या माणसाला तो दारातच कळतो. अभिप्रायाच्या वहीत एका काकूंनी लिहून ठेवलं होतं, "बांगड्याचं तिखलं अप्रतिम. खोलीला ओलीचा वास." कौतुक आणि तक्रार एकाच ओळीत, त्यामुळे वही दुसऱ्या कुणाला दाखवायचीही पंचाईत.

डिफ्यूझरचं, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्राचं, खूळ डोक्यात शिरलं ते पुण्याच्या नणंदेमुळे. तिच्या दिवाणखान्यात लाकडी रंगाचा, करवंटीएवढा एक डिफ्यूझर आहे. बटण दाबलं की वरच्या भोकातून पांढरं धुकं निघतं आणि थोड्या वेळात खोलीभर गवती चहाचा वास. जानेवारीत तिच्याकडे गेले होते तेव्हा माझे ओठ फुटले होते, घसा कोरडा पडला होता. त्या धुक्यानं बरं वाटायचं. म्हटलं, असा एक आपल्या खोल्यांत ठेवला की काम झालं. घरी आल्यावर फोनवर तसलेच डिफ्यूझर बघत बसले होते, तर सासूबाई शेजारी येऊन वाकून बघायला लागल्या.

"ह्येच्यातसून काय येता?"

"पाण्याची वाफ. त्यात वासाचं तेल."

"भायर चार म्हयने पाऊस, भिंतींक पाझर फुटता, आणि तू आत आणखी पाणी सोडतलंस? खुळावलंस काय गो?"

मी हसले. पण हा प्रश्न मोजून बघण्यासारखा होता, आणि मोजायचं साधन महाग नव्हतं. हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर तीन-साडेतीनशे रुपयांत मिळतो. तो मागवला आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या फडताळावर ठेवून दिला. जुलैत तो ८५ टक्क्यांच्या खाली उतरायला तयार नव्हता. पावसाची झड लागली की ९०. बुरशीला ७०च्या वर आर्द्रता मिळाली की तिचं भागतं, आणि घरात आर्द्रता ६०च्या आत असावी असं सगळीकडे सांगतात. पावसाळ्यातलं वेंगुर्लं ६०च्या आत! म्हणजे पुण्याच्या माणसाला जे यंत्र हवेत ओलावा घालून सुख देतं, ते आमच्याकडे बुरशीला खाऊपिऊ घालणार.

हिशेबही करून पाहिला. २७ अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात मावतं. आमची खोली दहा बाय बाराची, उंची धरून तीसेक घनमीटर. ८५ टक्के आर्द्रता म्हणजे प्रत्येक घनमीटरमध्ये बावीस ग्रॅम पाणी आधीच आहे, जागा उरली चार ग्रॅमची. सगळ्या खोलीत मिळून सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. डिफ्यूझरच्या टाकीत बसतं ३०० मिलिलिटर. दारं-खिडक्या लावून पूर्ण टाकी संपवली तर उरलेलं पाणी जाणार कुठे? गादीत, उशीत आणि कपाटामागच्या भिंतीवर.

कौलारू घर तसं गळकं, फटींमधून हवा जातेयेते, त्यामुळे कागदावरचा हिशेब जसाच्या तसा उतरत नाही. म्हणून नणंद गणपतीला येणार होती तिला म्हटलं, येताना तुझा डिफ्यूझर घेऊन ये. एका संध्याकाळी रिकाम्या खोलीत तो लावला, दार ओढून घेतलं, मीटर आत. लावताना ८४ होते. टाकी अर्ध्यावर आली तेव्हा ९१. खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं तर ओघळ आला, आणि डिफ्यूझर ज्या शिसवी टेबलावर ठेवला होता त्यावर ओलं वर्तुळ उमटलेलं. वास मात्र सुरेख येत होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. सासूबाईंनी दारातूनच बघितलं आणि काही न बोलता परत गेल्या. त्यांचं न बोलणं जास्त लागतं.

सकाळी उजेडात त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट दिसली. ओलं वर्तुळ वाळून गेलं होतं आणि त्या जागी बारीक पीठ चाळल्यासारखा पांढरा थर होता. पुसला की जायचा. याचं कारण समजून घ्यायला यंत्र उघडून बघावं लागलं. टाकीच्या तळाशी अंगठ्याच्या नखाएवढी एक गोल चकती असते. विजेवर ती सेकंदाला सतरा ते चोवीस लाख वेळा थरथरते. त्या थरथरीनं पाण्याच्या पृष्ठभागावरून अगदी सूक्ष्म थेंब उडतात, आणि पंखा ते वर ढकलतो. म्हणजे ती वाफ नसतेच, थंड तुषार असतात. पातेल्यात पाणी उकळलं तर क्षार पातेल्यात राहतात आणि नुसती वाफ वर जाते. इथे मात्र पाण्यात जे जे विरघळलेलं आहे ते थेंबाबरोबर हवेत. थेंब सुकला की क्षाराची भुकटी उरते. ती टेबलावर बसते आणि छातीतही जाते. आमच्या विहिरीचं पाणी तसं गोड आहे, पण मे महिन्यात खाली जातं तेव्हा जरा मचूळ लागतं. खाडीकाठच्या विहिरींचं तर विचारूच नका. क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरलं तर हा थर जवळजवळ पडत नाही. पण पाहुण्यांच्या खोलीत हे कोण पाळणार? पाहुणा बेसिनच्या नळाखाली टाकी धरणार आणि मोकळा होणार.

शिवाय टाकीत पाणी राहिलं तर आमच्या हवेत दुसऱ्या दिवशीच बोटाला बुळबुळीत लागतं. रोज ओतून, पुसून, उलटा करून ठेवला तर ठीक. आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याला लावून ती चकती हलक्या हातानं पुसायची, खरवडायची नाही. नणंद हे करते. करणारा घरात असेल आणि हवा कोरडी असेल तर हा प्रकार चांगलाच आहे. नागपूर, नाशिक, पुणे इथल्या माणसानं बिनधास्त घ्यावा. फक्त टाकीचं प्लास्टिक कुठलं आहे ते बघावं. पॉलिप्रॉपिलीन तेलाला टिकतं. साध्या कडक प्लास्टिकला संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल खातं, आधी ते पांढुरकं होतं, मग तडकतं.

आता राहिले बाकीचे प्रकार. नेब्युलायझिंग डिफ्यूझर एका स्पामध्ये बघितला. पाणी अजिबात नाही, काचेच्या नळीतून जोरात हवा सोडून तेलाचेच तुषार उडवतात. वास दमदार, पण १० मिलिलिटरची बाटली तो बघता बघता पितो, आणि किंमत चार हजारांच्या पुढे. आमच्या खोलीचं भाडं बघता हिशेब बसेना. खाली मेणबत्ती, वर वाटीत पाणी आणि तेल, हा दीडदोनशेचा चिनीमातीचा दिवा दिसायला गोड. पण लाकडी वासे, सुती पडदे आणि समुद्रावरून दमून येऊन झोपलेला पाहुणा, एवढ्या गोष्टी एका खोलीत असताना उघडी ज्योत मला नको. प्लगमध्ये खुपसायची रिफिलवाली यंत्रं मी विचारातच घेतली नाहीत. ती चोवीस तास वास सोडत राहतात आणि मला तर त्यानं डोकं धरतं.

रीड डिफ्यूझर म्हणजे बाटलीत सुगंधी द्रव आणि त्यात बुडवलेल्या वेताच्या काड्या. हा मात्र मी घेतला, न्हाणीघरासाठी. वीज नको, पाणी नको, काड्या उलटवल्या की वास ताजा होतो. तीन-चारशे रुपयांच्या बाटलीत शुद्ध तेल थोडंच असतं; बहुतेक वाहक द्रव आणि कृत्रिम सुगंध. न्हाणीघराला तेवढं पुरतं. उंच फळीवर ठेवला आहे, कारण घरात मांजर आहे, आणि फळीवरची वस्तू खाली ढकलून देणं हा तिचा नित्याचा उद्योग.

मांजरीचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण हे मला डिफ्यूझर शोधायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. माणसाचं यकृत ज्या रसायनांचा सहज निकाल लावतं, त्यातली बरीच मांजराच्या यकृताला जमत नाहीत. त्यासाठी लागणारं विकर त्यांच्याकडे पुरेसं नसतं. टी-ट्री, निलगिरी, पेपरमिंट, लवंग, दालचिनी, लिंबू-संत्र्याची तेलं, ही त्यांना बाधतात. तुषार उडवणाऱ्या डिफ्यूझरात तर तेलाचे कण अंगावर बसतात आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे ते पोटातच जातं. आमची मांजर पाहुण्यांच्या खोलीत शिरते. काही पाहुण्यांना ते आवडतं, पण आता डिफ्यूझर चालू असताना दार बंद, असा नियम केला आहे.

खरी काळजी सासूबाईंची. त्यांना जुना दमा आहे, पंप कायम कनवटीला. पूर्वी तिन्हीसांजेला घरात धूप फिरवायचो, तो त्यांच्यासाठीच बंद केला. डिफ्यूझरात धूर नाही म्हणून चालेल असं मला वाटत होतं. त्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, धूर नसला तरी तीव्र वास हा स्वतःच दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतो, मग तो नैसर्गिक असो की कारखान्यातला. त्यांच्या खोलीत नको आणि माजघरातही नको. पाहुण्यांच्या खोल्या बाहेरच्या अंगाला आहेत, तिथे लावा, आणि तिथेही आलेल्या माणसाला आधी विचारा. दोन वर्षांखालचं मूल असेल तर निलगिरी, कापूर, पुदिन्याच्या जातीची तेलं अजिबात लावू नका. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनीही कापूर-निलगिरीपासून लांब राहावं. आमच्याकडे सर्दी झाली की रुमालावर निलगिरी शिंपडणं इतकं सर्रास आहे की ऐकताना मी जरा चपापलेच.

एवढं सगळं वजा जाता उरला तो पंख्याचा डिफ्यूझर. बाजारात तो फारसा मांडलेला नसतो कारण त्यातून दिसण्यासारखं काही निघत नाही. धुकं नाही, रंगीत दिवा नाही. एक डबी, आत छोटा पंखा आणि त्याच्यासमोर नमद्याची, म्हणजे फेल्टची, गोल चकती. चकतीवर तेलाचे चार-पाच थेंब टाकायचे, पंखा त्यावरून हवा फिरवतो, तेल उडून जातं. पाण्याचा संबंधच नाही. चालतो तो पाच व्होल्टवर, म्हणजे मोबाईलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर. आमच्याकडे पावसात तारेवर फांदी पडली की वीज जाते ती कधी येईल याचा नेम नाही, आणि येते तेव्हा आधी झटका देऊन येते. तुषारवाल्या मोठ्या डिफ्यूझरांना बहुधा २४ व्होल्टचा वेगळा अॅडॅप्टर लागतो. तो जळला की तसलाच शोधत बसा. इथे चार्जर गेला तर घरात चार पडलेले. नवीन चार्जर घेतलाच तर त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, एवढं मी बघते.

किंमत आठशेच्या आत. खारी हवा धातूला काय करते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. दाराच्या कड्या, सायकलच्या साखळ्या, मिक्सरचे स्क्रू, सगळ्यांवर तांबारा. म्हणून ज्याचं वरचं झाकण फिरवून निघतं आणि आतला पंखा ब्रशनं साफ करता येतो, असाच निवडला. एका नमुन्याचं झाकण चिकटवून बंद केलेलं होतं. तो चकचकीत होता आणि स्वस्तही, पण परत ठेवला.

तेलाची खरेदी डिफ्यूझरपेक्षा अवघड निघाली. कुडाळच्या बाजारात एका दुकानात रांगेनं बाटल्या मांडलेल्या. मोगरा, गुलाब, स्ट्रॉबेरी, आणि एका निळ्या लेबलावर 'सी ब्रीझ'. सगळ्यांवर 'शुद्ध एसेन्शियल ऑइल', सगळ्यांची किंमत एकच, १५ मिलिलिटरला १२० रुपये. मी विचारलं, "हे समुद्राच्या वाऱ्याचं तेल कुठल्या झाडापासून काढतात?" दुकानदार भला माणूस, मोठ्यानं हसला. म्हणाला, "ताई, लोक वास बघतात, झाड कोण विचारतो?"

झाडच विचारायला हवं. एसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीच्या पानाफुलांतून, सालीतून किंवा मुळांतून बहुधा वाफेवर ओढून काढलेलं तेल. स्ट्रॉबेरीचं असं तेल निघत नाही. मोगऱ्याचा वास वाफेच्या उष्णतेनं बिघडतो, म्हणून तो द्रावकात उतरवून घ्यावा लागतो, आणि तो अर्क किलोला लाखांच्या घरात जातो. तो १२० रुपयांत कोण देणार? उलट गवती चहाच्या शंभर किलो ओल्या पातीतून अर्धा किलोच्या आतबाहेर तेल मिळतं आणि गवत वर्षातून अनेकदा कापता येतं, म्हणून ते परवडणाऱ्या दरात खरं मिळू शकतं. सगळ्या बाटल्यांना एकच भाव हीच पहिली शंका. लेबलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग वापरला, गडद काचेची बाटली, बॅच नंबर. हे असेल तर पुढचं बोलायचं.

दुकानदाराकडून मी चार थेंब मागून घेतले. त्यानं बिलबुकातलं एक पान फाडून दिलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गवती चहा, लॅव्हेंडर, मोगरा आणि वाळा, एकेक थेंब, शेजारी पेन्सिलीनं नावं. कागद घरी आणून खिडकीत ठेवला. सकाळी गवती चहाच्या जागी फिकट पिवळी कड सोडली तर काही नव्हतं, कागद कोरडा. लॅव्हेंडरचंही तसंच. मोगऱ्याच्या जागी रुपयाएवढा पारदर्शक, तेलकट डाग. पान उजेडाकडे धरलं तर त्यातून खिडकीचे गज दिसत होते. म्हणजे तिथे न उडणारं कसलं तरी साधं तेल नाहीतर द्रव होता. वाळ्याचाही डाग राहिला होता, पण तो गडद आणि चिकट, आणि नाक जवळ नेलं तर पहिल्या पावसातल्या मातीसारखा दमदार वास अजून शिल्लक. वाळा, चंदन ही तेलं मुळातच जड, ती कागदावरून सहजी उडत नाहीत. तेव्हा ही परीक्षा हलक्या तेलांपुरती. आणि भेसळ उडून जाणारीच असेल तर कागद काही सांगणार नाही, हेही आहेच.

शेवटी गवती चहाचं तेल तिथूनच घेतलं. लॅव्हेंडर मात्र जम्मूकडच्या भदरवाहच्या डोंगरात पिकलेलं मागवलं. तिकडे आता शेतकरी मक्याऐवजी त्याची लागवड करतात. वाळ्याची छोटी बाटली घेतली ती माझ्या स्वतःच्या हौसेखातर. पंख्याच्या डिफ्यूझरात वाळा चालत नाही, इतका दाट की चकतीवर नुसता बसून राहतो. त्यासाठी बिनझिलईची मातीची पणती बरी. पणतीत पाच थेंब मुरवून कपड्यांच्या कपाटात ठेवली की बरेच दिवस मंद वास येतो. याला यंत्रही लागत नाही आणि वीजही. खरं तर अर्ध्या लोकांचं काम या पणतीवर भागेल.

पाहुणे हमखास विचारतात की आमच्या परड्यातल्या दालचिनीचं तेल का नाही लावत. माडांखाली आमची दालचिनी आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज'. तिचं पान चुरगळलं तर लवंगेसारखा वास येतो, कारण लवंगेतलंच वासाचं द्रव्य, युजेनॉल, पानात भरपूर. पण पानाचं काय नि सालीचं काय, ही तेलं त्वचेला आणि नाकाला झोंबतात. चहात, मसाल्यात दालचिनी हवी तेवढी घ्या, खोलीत नको. दुसरा हमखास प्रश्न सुरंगीचा. आरवली, शिरोडा, आसोली भागात फेब्रुवारीपासून सुरंगी फुलते, तिचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येतात आणि एसटीत एका बाईनं माळला तरी अख्ख्या गाडीला कळतं. तिच्या नावाची बाटली मला दाखवली गेली आहे. वास घेतला आणि परत दिली. सुरंगीच्या दिवसांत मी खोलीच्या खुंटीला ताजा वळेसर अडकवते आणि डिफ्यूझर बंद ठेवते.

डिफ्यूझर आणण्याआधी आणखी एक काम केलं, आणि अभिप्रायाच्या वहीतला वास गेला तो मुख्यतः त्यानं. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली. मागे हिरवट-काळी बुरशी होती, ती खरवडून भिंतीला चुना दिला. ऑइल पेंटनं आतली ओल आतच कोंडते, चुन्यातून भिंत श्वास घेते. कापसाच्या गाद्या पाऊस उघडला की दोन-तीन उन्हं दाखवून मगच आत. आणि रिकामी खोलीसुद्धा रोज दुपारी, पाऊस नसेल तेव्हा, तासभर उघडी आणि पंखा चालू. एवढं झाल्यावर मीटर फार हलला नाही, पण कुबटपणा गेला. बुरशीवर लॅव्हेंडर शिंपडलं असतं तर खोलीला लॅव्हेंडर लावलेल्या बुरशीचा वास आला असता.

आता पद्धत अशी बसली आहे. पाहुणे यायच्या आधी अर्धा तास चार थेंब टाकून डिफ्यूझर लावायचा, खिडकीची एक झडप उघडी. ते आले की बंद. आल्यावर विचारायचं की वास चालतो का, दमा-ॲलर्जी कुणाला आहे का, लहान मूल आहे का. नको म्हणाले तर डबी उचलून बाहेर. हवा म्हणाले तर रात्री झोपण्याआधी पुन्हा अर्धा तास, याहून जास्त नाही. नाकाला सतत एकच वास आला तर थोड्या वेळानं ते त्याची दखल घेणंच सोडतं. मग माणसाला वाटतं तेल उडालं, आणि तो आणखी थेंब टाकतो. मुंबईच्या एका तरुण जोडप्यानं तसं केलं आणि सकाळी दोघांचीही डोकी दुखत होती. तेव्हापासून बाटली खोलीत ठेवत नाही, थेंब मीच टाकून देते.

पंख्याच्या डिफ्यूझरात खोट नाही असं नाही. हलकी तेलं आधी उडतात, जड मागे राहतात, त्यामुळे मिश्र तेल टाकलं तर सुरुवातीला एक वास आणि अर्ध्या तासानं दुसराच. म्हणून मी एका वेळी एकच तेल वापरते. चकती चार-सहा आठवड्यांत पिवळी पडून खवट वास धरते, मग बदलावी लागते. वेगवेगळ्या तेलांना वेगळी चकती लागते. आणि पंखा आवाज करतो. मिक्सरसारखा नाही, पण रात्री रातकिडे थांबले की ऐकू येतो. तुषारवाला यापेक्षा कितीतरी शांत आणि दिसायला देखणा. पाहुणे फोटो काढतात तो तसला. डिसेंबर-जानेवारीत, डोंगराकडून कोरडं वारं सुटतं आणि दुपारी मीटर ५५ दाखवतो, तेव्हा तसा एक लावायला माझी हरकत नाही. पण वर्षातल्या दीड-दोन महिन्यांसाठी वेगळं यंत्र घेऊन उरलेले महिने त्याला बुरशीपासून वाचवत बसायचं, हे आपल्याला जमणार नाही.

डासांचंही विचारतात. सिट्रोनेला, म्हणजे गवती चहासारख्याच एका गवताचं तेल, टाकला तर डास जातील का? माझ्या खोलीत गेले नाहीत. खिडक्यांना जाळी आहे आणि प्रत्येक खाटेला मच्छरदाणी, तीच लावा असं सांगते.

सासूबाई बाहेरच्या खोलीकडे डिफ्यूझर चालू असताना येत नाहीत, पण पणती त्यांना पसंत पडली. त्यांच्या नऊवारी लुगड्यांच्या ट्रंकेत वाळ्याची मुळी असायची, तसाच वास येतो म्हणाल्या. त्यांच्या खोलीत मात्र पणतीही ठेवलेली नाही. ट्रंक माझ्या खोलीत आणली आहे. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग सुरू व्हायच्या आत दुसऱ्या खोलीसाठी आणखी एक डिफ्यूझर घ्यायचा आहे. या वेळी दुकानदाराला आधी एवढंच विचारणार की सुट्या चकत्या मिळतील का, कारण पहिल्याबरोबर आलेल्या संपत आल्या आहेत आणि फेल्ट कापून घरी केलेल्या त्या खाचेत नीट बसत नाहीत.